धामणीच्या नावाचं दूध

आमच्या घरात धामण होती असं सांगितलं की माणसांचे डोळे मोठे होतात. भीती नाही वाटली का, चावली नाही का, सुटली असती तर काय केलं असतं, असले प्रश्न सुरू होतात. माझी नात तर दर सुट्टीत एकदा तरी विचारतेच. खरं सांगायचं तर भीती वाटायलाही सवड लागते, आणि त्या वर्षी आमच्या घरात कुणालाच सवड नव्हती. धामण म्हटलं की मला आठवतं ते काम. पाणी बदला, गोणपाट वाळवा, तोंड बघा, वजन करा, वहीत लिहा, आणि हे सगळं झालं की पुन्हा माणसांचं करायचं आहेच. पिंप्राळ्याच्या या घरात गुडघे चोळत बसले की कधी कधी वाटतं, ही दुखणी काही म्हातारपणाची नव्हेत, तेव्हाचाच शीण आहे, इतकी वर्षं अंगात दबा धरून बसलेला.

नाना, म्हणजे माझे वडील, धुळ्याला देवपुरातल्या एका शाळेत शास्त्र शिकवायचे. घरात नाना, आई आणि मी, एवढीच माणसं. पारोळ्याकडच्या एका खेड्यातले धोंडूभाऊ नावाचे शेतकरी होते, त्यांचा मुलगा नानांच्या हाताखाली शिकलेला. एका सकाळी ते खांद्यावर पोतं घेऊन आमच्या दारात उभे राहिले. पोतं हलत होतं. शेतात कुदळ लागून पाठीवर घाव पडलेली धामण होती ती. धोंडूभाऊ आईकडे न बघता नानांना म्हणाले, "तिले इख नही शे, मास्तर, तरी बठ्ठं गाव काठ्या लिसन उनं." विष नाही, तरी सगळं गाव काठ्या घेऊन धावून आलेलं. नाना लगेच पोतं घेऊन आत. आईनं विचारलं, किती दिवस? नाना म्हणाले, घाव भरेपर्यंत, चार दिवस. त्या चार दिवसांचे पुढे चार पावसाळे झाले. आई तिला कधी धामण म्हणाली नाही. साप हा शब्दही तिच्या तोंडून निघायचा नाही. लोकांसमोर ती म्हणायची 'जनावर', आणि आमच्यात 'ती बया'.

त्या बयेचं घर नानांनी स्वतःच्या हातानं केलं. चहाच्या पेटाऱ्यासारखी दोन मोठी लाकडी खोकी आणून जोडली, पुढच्या बाजूला बारीक जाळी ठोकली, वर कडीकोयंड्याचं झाकण. जाळीची टोकं आतून एकेक करून वळवली, कारण साप जाळीला नाक घासतो आणि नाक सोललं की तिथे पिकतं. एका टोकाला पत्र्याच्या डब्यात विजेचा दिवा, डब्याला भोकं पाडलेली, म्हणजे ऊब मिळेल पण अंग भाजणार नाही. दुसऱ्या टोकाला गारवा, पाण्याचं पसरट घमेलं आणि फुटक्या माठाचं मोठं खापर उपडं, लपायला. नानांचं म्हणणं असं की सापाला ना नुसतं ऊन पुरतं ना नुसती सावली, त्याला दोन्ही हवं आणि कुठे बसायचं ते त्याचं त्याला ठरवू द्यायला हवं. शाळेतला एक जुना तापमापक आत टांगला होता. उन्हाळ्यात धुळं कसं तापतं ते तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. तेव्हा दिवा बंद, खोक्यावर ओलं गोणपाट, आणि ते दर दोन तासांनी भिजवायचं. ते कुणी भिजवायचं हे सांगायला नको.

रविवारी सकाळी तपासणी. मी धामणीला उशीच्या अभ्र्यात घालायची, नाना तो अभ्रा ताणकाट्याला लावायचे. आईनं त्या अभ्र्यावर कोपऱ्यात लाल दोरा शिवून ठेवला होता, तो चुकूनही घरच्या धुण्यात जाऊ नये म्हणून. वजन झालं की नाना तिला डोक्यामागे अलगद धरायचे आणि मला दाखवायचे: तोंडाच्या कडा गुलाबी आहेत का, लाळेला तार सुटते का, श्वासाला आवाज आहे का, खवल्यांच्या खाली गोचीड बसलीय का, विष्ठेत पांढरं किती नि काळं किती. मी वहीत लिहायची. एकदा तिचे डोळे दुधी निळे पडले तेव्हा आईला कधी नव्हे ती दया आली आणि तिनं विचारलं, मोतीबिंदू झाला का हो हिला? नाना पोट धरधरून हसले. कात टाकायच्या आधी असंच होतं, आठ दिवसांत निवळेल म्हणाले, आणि तसंच झालं. कात डोळ्यांवरच्या पापुद्र्यांसकट निघाली की नाही ते बघायला त्यांनी मला भिंग दिलं होतं. मी काही सापवेडी नव्हते. पण नानांच्या शेजारी बसून नीट बघणं मला आवडायचं, हे कबूल करते.

आमच्यापासून चार घरं सोडून पारसशेठांचं किराणा दुकान होतं. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि खेड्यातल्या माणसाशी अस्सल अहिराणी. जैन माणूस, सूर्य मावळायच्या आत जेवणार, पाणी गाळून पिणार. दुकानात उंदीर होते, किराण्याच्या दुकानात नसतील तर कुठे असतील? पण शेठ त्यांना मारत नसत. लाकडी पिंजऱ्यात चण्याचा दाणा ठेवून जिवंत धरायचे आणि नदीकाठी बाभळीच्या बनात सोडून यायला माणूस पाठवायचे. दर नागपंचमीला त्यांच्या घरून धामणीसाठी दुधाची लोटी यायची. नाना दर वर्षी ती परत करायचे आणि दर वर्षी तोच वाद व्हायचा. नाना म्हणायचे, शेठजी, साप दूध पीत नाही, पाजलं तर आजारी पडतो, तो उंदीर खातो. शेठ हसून मान हलवायचे. "गुरुजी, तुमचं शास्त्र वेगळं, आमचं शास्त्र वेगळं," म्हणायचे. रानात खात असेल काहीबाही, पण मास्तरांच्या घरी राहून ती उंदीर कशाला खाईल, असा त्यांचा सरळ हिशेब. नाना घरी येऊन आमच्यावर चिडायचे. वर्गात तर त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, साप दूध पीत नाही, आणि प्रत्येक नव्या वर्गाकडून ते तीनदा म्हणवून घ्यायचे.

दसऱ्याच्या थोडं आधी वर्गात लिहिता लिहिता नानांच्या हातून खडू पडला. उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. काही दिवसांनी त्यांना दवाखान्यातून घरी आणलं ते बाजेसकट मधल्या खोलीतच. तीच एक खोली उबदार, तिथेच धामणीचं खोकं होतं. ते मी आणि आईनं ओढत मागच्या पडवीत नेलं. माझं कॉलेज नुकतं सुरू झालं होतं, ते तिथेच थांबलं. कुणी थांब म्हणालं नाही, पण घर फिरलं की वासेही फिरतात. सकाळी उठून वह्या घेऊन निघणं मला जमेनाच. नानांना कुशीवर वळवायचं, पुसून घ्यायचं, चादरी धुवायच्या, भाकरी कुस्करून भरवायची. आणि ती भाकरीच ते खाईनात. डॉक्टरांनी बजावलं होतं, तोंडानं पोटात गेलं नाही तर मग काही खरं नाही. नाना दात आवळून भिंतीकडे बघायचे. चार दिवस असे गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी डावा हात चादरीवर पालथा ठेवला आणि नागमोडी पुढे सरकवला. आईला वाटलं चादर टोचतेय, ती सारखी करायला लागली. मला कळलं. मी म्हणाले, "धामण बरी आहे, नाना. पाणी बदललंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

तेव्हापासून तो शिरस्ताच पडला. आधी धामणीचं सांगायचं, मग घास. त्यातही त्यांना पाणी बदललं, जागा पुसली, एवढ्यानं भागत नसे. तिनं खाल्लं का, हे हवं असे. ज्या दिवशी वहीत 'एक उंदीर, गिळला' अशी ओळ असे त्या दिवशी आख्खी भाकरी, आणि आठवडा रिकामा गेला की दोन घासांत मान फिरवत. खोटं सांगायची सोय नव्हती, कारण वही समोर धरावी लागे. आणि त्या वहीत खोटं लिहायला माझा हात धजत नव्हता. आता उंदीर आणायचे कुठून? आधी नाना शाळेतून आणायचे, कधी धोंडूभाऊ आणायचे. शाळा आता आमच्यासाठी बंद झाल्यासारखीच होती, धोंडूभाऊ कापसाच्या वेचणीत. बेडूक पावसाबरोबर गेले होते. पहिल्यांदा मी घरातच सापळा लावला, तर ज्या घरात दाणाच मोजका, तिथे उंदीर तरी का येईल?

एका सकाळी मी साखर आणायला गेले तर पारसशेठ पिंजरा हातात धरून उभे होते. सोडायला जाणारा त्यांचा माणूस गावी गेला होता. मी म्हणाले, द्या, मी नदीवर चाललेच आहे. आणि मी खरंच सोडायला निघाले होते, हे मला आजही कुणाला तरी सांगावंसं वाटतं. बाभळी दिसायला लागल्या तशी मी वाटेतच थांबले. आदल्या दिवशी नानांनी दोनच घास खाल्ले होते. मी मागल्या गल्लीनं घरी आले, पडवीत गेले आणि खोक्याचं झाकण उघडलं. संध्याकाळी नानांनी आख्खी भाकरी खाल्ली. रिकामा पिंजरा परत नेला तेव्हा शेठांनी माझ्या हातावर गूळ-दाणे ठेवले. जीवदया केलीस, म्हणाले. ते दाणे मला चावेनात.

नंतर ते माझंच काम झालं. पिंजरा भरला की शेठ हाक मारायचे. आईला मी सांगून टाकलं की शेठांचे उंदीर मी सोडते आणि येताना नदीकडून धामणीसाठी बेडूक आणते. आई मागच्या पडवीत पाऊल टाकायची नाही, वहीकडेही बघायची नाही, त्यामुळे ते खपलं. आणि एवढ्यानं भागलं असतं तर बरं होतं. गुरुजी आजारी पडले, आता मुक्या जिवाची आबाळ नको, म्हणून शेठांनी रोज सकाळी धामणीसाठी दुधाची लोटी पाठवायला सुरुवात केली. आता नाही म्हणायला नाना नव्हते. मी दारात लोटी हातात घेऊन उभी होते, साप दूध पीत नाही हे चार शब्द ओठांवर आले होते. पण पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग काय खातो? मी लोटी घेऊन आत वळले. आईनं माझ्या हातातून लोटी घेतली, चुलीवर तापवली आणि त्यात नानांची भाकरी कुस्करली. म्हणाली, "त्या बयेनं काय आणि तुझ्या बापानं काय, पोटात जातंय ना." तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. तर असं चाललं होतं: शेठांच्या दुधावर नाना आणि शेठांच्या उंदरांवर धामण.

दिवाळीच्या सुमाराला नानांच्या उजव्या हाताचं एक बोट हललं. मी बघितलं, आईनं बघितलं. शेठाणी फराळाचं ताट घेऊन आल्या होत्या, त्यांनाही दाखवलं. त्या म्हणाल्या, हे तुमच्या सुमीच्या जीवदयेचं फळ हो, इतके जीव वाचवते पोरगी, ते पुण्य बापाला लागणारच. आईनं ते मनाला लावून घेतलं. ती देवाधर्माची फार नव्हती, पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं झालं. त्या रात्रीपासून ती मला हळू आवाजात बोलायला लागली. माझ्या ताटात भाकरीवर लोणी यायला लागलं. नदीवर जायला निघाले की म्हणायची, सांभाळून जा ग, काटे असतात. असं लोणी कुणाच्या घशाखाली उतरत असेल तर त्यानं मला सांगावं.

थंडी पडली तशी धामण आजारी पडली. चूक माझीच होती. पडवीला फटीफटीतून वारा लागत होता आणि दिवा एके दिवशी उडाला तो मी तीन दिवस बदललाच नाही. नानांना त्याच दिवसांत ताप होता, मी इतकी दमलेली की खोक्याचं झाकण उघडून पाणी ठेवायची आणि आत न बघताच लावायची. चौथ्या दिवशी नीट बघितलं तर तिचं तोंड अर्धवट उघडं, कडेला फेस आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज. मी तिला अभ्र्यात घातलं, अभ्रा टोपलीत, टोपली सायकलला, आणि जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथे बैलांची, म्हशींची रांग. कंपाउंडरनं नोंदवहीतून मान वर न करता विचारलं, काय आणलंय? आमच्या घरच्या सवयीनं मी म्हणाले, जनावर. तो म्हणाला, बाई, इथे सगळे जनावरच आणतात, कोणतं जनावर? मी पुन्हा म्हणाले, जनावर. मग त्यानं मान वर केली, अभ्रा हलताना बघितला, आणि रांगेतला एक बैलवाला म्हणाला, अरे ती 'जनावर' म्हणतेय, 'जनावर'. एवढ्यात सगळी रांग भिंतीला लागली. त्या महिन्यात मी हसले ती तेवढीच. डॉक्टर भले होते. म्हणाले, मला हिच्यातलं फारसं कळत नाही, पण छाती भरलीय एवढं दिसतंय. ऊब द्या, वारा लागू देऊ नका, पाणी ठेवा आणि श्वास साफ होईपर्यंत खायला अजिबात देऊ नका.

तीन आठवडे मी दोन आजाऱ्यांमध्ये येरझाऱ्या घातल्या. पडवीच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या, नवा दिवा लावला, वीज गेली की गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवायच्या. दिवसातून चारदा तापमापक बघायचा. तोंडातला फेस कापसानं टिपायचा. वहीत रोज एक ओळ: आवाज आहे, आवाज आहे, आवाज कमी. नानांना खरं ते सांगितलं. त्यांनी वही वाचली आणि अर्धीच भाकरी खाल्ली, पण खाल्ली. त्या तीन आठवड्यांतले शेठांचे उंदीर मी खरोखर बाभळीत सोडले. पिंजऱ्याचं दार उघडलं की ते क्षणभर थबकायचे आणि मग गवतात शिरायचे. मला वाटलं होतं मन हलकं होईल. तसलं काही झालं नाही, नुसतं चालून पाय दुखले. धामण बरी झाली, दोनशे ग्रॅम उतरली होती. श्वास साफ झाल्यावर दोन दिवसांनी मी पुन्हा मागल्या गल्लीनं घरी आले.

त्या रविवारी संध्याकाळी पारसशेठ नानांना भेटायला आले. जेवण आटपून आलेले, पांढरं धोतर, हातात टोपी. आईनं त्यांना बाजेजवळ पाट दिला. मी नानांना दूधभाकरी भरवत होते. शेठ इकडचं तिकडचं बोलले आणि मग नानांच्या पायाला हात लावून म्हणाले, "गुरुजी, पोरगी तुमची रत्न आहे. माझ्या दुकानातला एकेक उंदीर नदीवर नेऊन सोडते. आणि काळजी करू नका, तुमच्या धामणीला आमच्या घरून रोज दूध येतंय. रोज पिते." माझा हात तसाच राहिला. नानांनी आधी शेठांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग वाटीतल्या दुधाकडे. वही तर ते रोज बघत होते. उंदीर कुठून येतात हा प्रश्न त्यांना तेव्हा सुटला असणार.

त्यांनी डावा हात चादरीवर पालथा टाकला आणि नागमोडी सरकवला. मग वाटीला बोट लावलं. मग मान हलवली, नाही. पुन्हा तेच: साप, दूध, नाही. वर्गात प्रत्येक पोराकडून तीनदा म्हणवून घेत तसं त्यांनी ते तीनदा केलं. चेहरा लाल झाला होता. आई घाबरून म्हणाली, काय हवंय हो? शेठ पुढे वाकले आणि मला विचारलं, काय म्हणतात गुरुजी? त्या घरात नानांची भाषा समजणारी मी एकटी होते. त्यांनी काय सांगितलं ते फक्त मला कळलं होतं, आणि मी सांगेन तेच त्यांचं बोलणं होणार होतं. मी म्हणाले, "धामणीला दूध पुरतंय, जास्त नको म्हणतायत." शेठ समाधानानं हसले. नानांनी हात खाली ठेवला. मी घास पुढे केला तर त्यांनी तोंड मिटलं, आणि ते मिटलेलंच राहिलं.

रात्री खाल्लं नाही, सकाळी खाल्लं नाही. मी वही धरली तर तिच्याकडेही बघितलं नाही. आई रडकुंडीला आली, पुन्हा झटका तर नाही ना आला म्हणाली, डॉक्टरांना बोलाव म्हणाली. मला कळत होतं झटका कशाचा आहे तो. इकडे आड तिकडे विहीर. शेठांना सांगावं तर त्यांचं मन मोडणार, आईचं पुण्य जाणार, दूध बंद होणार, उंदीरही जाणार. आणि न सांगावं तर नाना उपाशी. आयुष्यभर माणसानं एकच गोष्ट ओरडून सांगितली, आणि वाचा गेल्यावर पोटच्या पोरीनं त्यांच्या नावावर त्याच्या उलट सांगितलं. मी चपला घातल्या आणि दुकानात गेले.

शेठ नुकते दुकान उघडून गादी झटकत होते. गिऱ्हाईक नव्हतं. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, मधे थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते. साप दूध पीत नाही, नाना काल तेच म्हणत होते, उंदीर मी सोडले नाहीत, धामणीला घातले. शेठांनी फडकं खाली ठेवलं. मग ते पिंजऱ्याकडे वळले. त्यात त्या दिवशीचा एक होता.

"किती?" त्यांनी विचारलं.

वहीत होतं, पाठच होतं मला. "एकोणीस."

"आणि दूध?"

"नाना पितात. भाकरीत."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता हे मला पायरीवरून उतरवणार. पण ते म्हणाले, "ते तेवढं बरं झालं." मग गादीवर बसले आणि स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. गुरुजींनी दहा वेळा सांगितलं मला, मीच ऐकलं नाही. ऐकलं असतं तर तुझ्या हातात पिंजरा दिलाच नसता. मी म्हणाले, पाप माझं आहे शेठजी. ते म्हणाले, "तुझं तू बघ. पिंजरा माझ्या हातचा होता." त्या दिवसापासून एकोणीस दिवस त्यांनी एकासणं केलं, म्हणजे दिवसातून एकदाच, एका जागी बसून जेवायचं. हे मला त्यांनी सांगितलं नाही. शेठाणी एकदा आमच्या ओट्यावर बोलून गेल्या, तेही माझ्याकडे न बघता. दुधाची लोटी मात्र येतच राहिली, आता नानांच्या नावानं. पिंजरा मला पुन्हा कधी मिळाला नाही.

घरी येऊन मी नानांना आईसमोरच सांगितलं. ते ऐकून घ्यायला आई हवीच असा त्यांचा हट्ट असणार, कारण मी एकटीनं बोलायला लागले तर ते आईकडे बोट दाखवत राहिले. सगळं झाल्यावर त्यांनी तोंड उघडलं. आईनं भरवलं, मी नाही. तिनं मला एका शब्दानं काही म्हटलं नाही. माझ्या भाकरीवरचं लोणी तेवढं गेलं.

उंदीर संपले म्हणजे धामणही संपली, हे न बोलता ठरलं. संक्रांतीनंतर ऊन तापायला लागल्यावर धोंडूभाऊंना निरोप धाडला. मी शेवटचं वजन केलं, तोंड बघितलं, श्वास ऐकला, सगळं ठीक होतं. नानांच्या बाजेवर अभ्रा ठेवला, त्यांनी वरून हात फिरवला आणि मग तळहात उघडून दाराकडे केला. धोंडूभाऊंनी आपल्याच बांधावर तिला सोडलं. वाईट वाटलं का, असं नात विचारते. खरं सांगू? एक काम कमी झालं असं वाटलं.

दोन दिवसांनी आई आणि मी ते खोकं परसात काढून सोड्याच्या पाण्यानं घासत होतो. जाळी मी काढलेली, आई आतून कोपरे घासत होती. घासता घासता ती थांबली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलली. म्हणाली, "मग ते बोट हललं ते कशानं ग, सुमे?"

मी शास्त्राच्या मास्तरांची मुलगी. शिरा हळूहळू सुधारतात, आपोआप होतं कधी कधी, असं सांगायला तोंड उघडलं, आणि माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. रोज दुपारी, भांडी झाली की, ती नानांचा उजवा हात मांडीवर घेऊन बसायची. तिळाचं तेल कोमट करून एकेक बोट, एकेक पेर चोळायची, तासभर, कधी दीड तास. बसल्या बसल्या तिचे डोळे मिटायचे पण हात थांबायचे नाहीत. तिनं एकही दुपार चुकवली नव्हती. आज इथवर मी इतकं सगळं लिहीत आले, वजनं लिहिली, दिवा लिहिला, उंदीर मोजून लिहिले, आणि हे लिहायचं माझ्याकडून राहूनच गेलं. तेव्हाच्या वहीतही ते कुठे नाही.

"तुझ्या चोळण्यानं," मी म्हणाले.

"काहीतरीच बोलतेस," ती म्हणाली. मग तिनं पदराला हात पुसले, आणि खोकं तसंच अर्धं घासलेलं ठेवून आपले हात उलटसुलट करून बघत राहिली.